वाचकांचे प्रश्न : आशियाई महिला हँडबॉल, कोरियाची सद्दी आणि आपल्या मुली

मागील अंकातील क्रीडावृत्तांत नवी दिल्लीत डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या महिलांच्या आशियाई हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा, आणि तीत जपानने दक्षिण कोरियाला एका गोलने हरवल्याचा उल्लेख होता. उल्लेख चार ओळींचाच होता, परंतु त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये हँडबॉल असतोच. मग केवळ हँडबॉलची निराळी आशियाई स्पर्धा भरविण्याचे प्रयोजन काय? दिल्लीत नेमके कोण कोण आले होते?
– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : प्रयोजन मुख्यतः जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या प्रवेशाचे आहे. आशियाई क्रीडा स्पर्धेत पदक मिळते, परंतु जागतिक स्पर्धेचे दार उघडते ते खंडाच्या अजिंक्यपद स्पर्धेतून. म्हणूनच या स्पर्धेत अंतिम सामन्याइतकीच, किंबहुना कधीकधी त्याहून अधिक, झुंज पहिल्या चारांत येण्यासाठी होते. महिलांची ही स्पर्धा १९८७ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे सुरू झाली, तर आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये महिला हँडबॉलचा प्रवेश त्यानंतर, १९९० च्या बीजिंग स्पर्धेत झाला.

दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये ३ ते १० डिसेंबर २०२४ या काळात आठ संघ खेळले : जपान, दक्षिण कोरिया, कझाकस्तान, इराण, चीन, हाँगकाँग, सिंगापूर आणि यजमान भारत. चार-चार संघांचे दोन गट होते आणि प्रत्येक गटातील पहिले दोन उपांत्य फेरीत गेले. जपान, कोरिया, कझाकस्तान व इराण हे चार संघ जर्मनी आणि नेदरलँड्स येथील २०२५ अखेरच्या जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरले. चीन पहिल्या चारांबाहेर राहिला, पण त्याला पुढे वाइल्ड कार्डने, म्हणजे पात्रतेविना दिलेल्या खास प्रवेशाने, जागा मिळाली. अशा सवलतींविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, परंतु आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत त्या बसतात.

अंतिम सामना जपानने २५–२४ असा जिंकला. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये हिरोशिमा येथे झालेल्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत कोरियाने जपानला नेमके याच गुणांनी हरवून पॅरिसचे तिकीट मिळविले होते. दोन संघ किती तोडीस तोड झाले आहेत, हे या दोन निकालांवरून कळावे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या मुली चपळ आहेत, पण उंचीने कमी पडतात, आणि "हँडबॉल हा उंच मुलींचा खेळ" असे सांगून त्यांना कबड्डी किंवा खो-खोकडे वळविले जाते. कोरियाच्या मुलीही युरोपच्या मानाने ठेंगण्याच असतात असे ऐकतो. मग कोरियाने इतकी वर्षे आशियावर आणि जगावर वर्चस्व कसे गाजविले?
– एक क्रीडाशिक्षक, शहादा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा रोख आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रथम वर्चस्वाचे माप पाहावे. १९८७ ते २००० पर्यंतच्या आठही आशियाई स्पर्धा कोरियाने जिंकल्या. त्यानंतर २००२ मध्ये कझाकस्तानने, २००४ मध्ये जपानने आणि २०१० मध्ये पुन्हा कझाकस्तानने मध्ये बाजी मारली, परंतु २०२२ पर्यंत कोरियाच्या नावावर सोळा विजेतेपदे जमा झाली होती. आशियाबाहेरची कामगिरी तर याहून बोलकी आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण, १९८४, १९९६ आणि २००४ मध्ये रौप्य, २००८ मध्ये कांस्य. १९९५ मध्ये कोरियाच्या महिलांनी जागतिक विजेतेपद मिळविले, तेव्हा युरोपबाहेरच्या संघाने ते जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर असा दुसरा संघ येण्यासाठी २०१३ च्या ब्राझीलपर्यंत थांबावे लागले.

आता हे साधले कसे, ते पाहू. युरोपच्या उंच बॅक (लांबून फेक करणाऱ्या) खेळाडू गोलपासून नऊ मीटरच्या तुटक रेषेबाहेरून उडी घेतात आणि बचावाच्या हातांवरून चेंडू गोलात मारतात. सहा मीटरच्या रेषेवर हात वर करून उभे राहणाऱ्या ठेंगण्या मुलींना तो चेंडू अडविणे अशक्यच असते. कोरियाने म्हणून रेषेवर उभे राहणेच सोडले. त्यांच्या बचावातील दोन-तीन मुली पुढे येऊन चेंडू असलेल्या खेळाडूला फेकीची उडी घेण्यापूर्वीच गाठतात, तिच्या पासचा रस्ता तोडतात, आणि चेंडू हाती लागताच विंगच्या (दोन्ही कडांच्या) मुली समोरच्या गोलकडे सुटलेल्या असतात. प्रतिस्पर्धी संघ अजून परतत असताना गोल झालेला असतो. या पद्धतीत उंची दुय्यम ठरते, मात्र साठ मिनिटे पळण्याचा दम आणि बाजूच्या सहकारी खेळाडूची हालचाल न बघताच ओळखण्याइतका सराव लागतो. एखादी मुलगी अर्धे पाऊल उशिरा आली तर मागे एवढे मोकळे मैदान उरते की गोलकीपरने कितीही उड्या मारल्या तरी उपयोग नसतो.

असा सराव हौसेवर होत नाही. कोरियात राष्ट्रीय संघ सोलमधील थेरुंग येथील, आणि २०१७ नंतर जिनचॉनच्या, प्रशिक्षण केंद्रात दीर्घकाळ एकत्र राहून तयारी करीत आला आहे. त्याखेरीज सामचोक, इंचॉन, बुसान अशा शहरांत तेथील नगर प्रशासने आणि सार्वजनिक संस्था महिलांचे संघ पगार देऊन पोसतात. खेळाडू मुलगी शाळा सुटल्यावर नोकरीच्या शोधात खेळ सोडत नाही, कारण खेळ हीच तिची नोकरी असते. (आपल्या नगरपालिकांकडे पाणीपट्टी वसुलीलाच माणसे पुरत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे; तरीही एखाद्या मोठ्या सहकारी संस्थेला हा विचार सुचायला हरकत नसावी.) ओह सोंग-ओक या खेळाडूने १९९२ ते २००८ अशी सलग पाच ऑलिम्पिक खेळली, ते अशा आधारामुळेच शक्य झाले, असे आम्हाला वाटते.

तेव्हा उंचीचे कारण सांगून मुलींना हँडबॉलपासून दूर नेऊ नये. कबड्डीत पकडीसाठी पुढे झेपावणारी आणि खो-खोत क्षणात दिशा बदलणारी मुलगी कोरियाच्या पद्धतीच्या बचावासाठी अर्धी तयारच असते. उरलेली अर्धी तयारी म्हणजे सामने, आणि त्याविषयी खाली जळगावच्या प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न : मग इतका भक्कम कोरिया जपानकडून हरू का लागला?
– अनेक वाचक

उत्तर : जपानने कोरियाचा वेग उचलला आणि त्यात युरोपची शिस्त मिसळली. विशेष म्हणजे यात कोरियन खेळाडूंचाही हात आहे. बार्सिलोनाच्या सुवर्णविजेत्या संघातील लिम ओ-ग्योंग यांनी पुढे हिरोशिमाच्या क्लबमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी कितीतरी वर्षे सांभाळली. (त्या आज कोरियाच्या संसदेत सदस्य आहेत.) जपानने २०१६ मध्ये डेन्मार्कच्या उल्रिक किर्केली यांच्याकडे संघ सोपविला आणि २०१९ ची जागतिक स्पर्धा कुमामोतो येथे घेतली. त्याचे फळ २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत दिसले, जेथे जपानने अंतिम सामन्यात कोरियाला २९–१९ असे हरविले. दिल्लीचा निकाल त्यामुळे अपघात मानता येत नाही. कोरियात शाळकरी मुलींची संख्याच घटत चालली आहे, हेही एक कारण आहे. तरीसुद्धा कोरियाला मोडीत काढू नये : पॅरिसला सांघिक चेंडूखेळांत त्या देशाचा जो एकमेव संघ पात्र ठरला होता, तो महिला हँडबॉलचाच.

प्रश्न : सामना पाहताना मध्येच रेफरी एक हात सरळ वर धरून उभा राहतो. शिट्टीही वाजत नाही, खेळही थांबत नाही. तो काय सांगत असतो?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तो आक्रमक संघाला वेळकाढूपणाबद्दल इशारा देत असतो. गोल करण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता चेंडू नुसता फिरवीत राहण्यास हँडबॉलमध्ये बंदी आहे, परंतु बास्केटबॉलप्रमाणे येथे चोवीस सेकंदांचे घड्याळ नाही. वेळकाढूपणा आहे की नाही हे रेफरीच्या नजरेवर सोडले आहे. हात वर गेला की त्या संघाला जास्तीत जास्त चार पास मिळतात आणि त्यांत गोलवर फेक झाली नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चौथ्या पासनंतर बचाव करणाऱ्या संघाने फाउल केला किंवा फेक त्यांच्या हाताला लागून अडली, तर आणखी एक पास मिळतो. २०२२ पूर्वी ही मर्यादा सहा पासची होती.

हा बदल झाल्यापासून सामन्याची शेवटची दोन-तीन मिनिटे अधिक रंगतदार झाली आहेत. एका गोलने पुढे असलेल्या संघाला पूर्वी चेंडू फिरवीत अर्धा-पाऊण मिनिट सहज काढता येत असे. आता हात वर जाताच बॅक खेळाडूंची धांदल उडते, विंगकडे घाईने पास जातो आणि अरुंद कोनातून फेक करावी लागते. गोलकीपर तिची वाटच पाहत असते. दिल्लीच्या अंतिम सामन्यासारख्या एका गोलाच्या लढतीत असा एखादा वर गेलेला हात सामन्याचा निकाल ठरवू शकतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या तालुका स्पर्धेत पंचांनी माझे दोन गोल नाकारले. एकदा म्हणाले पावले जास्त झाली, एकदा म्हणाले रेषेच्या आत गेलीस. मी उडी बाहेरूनच मारली होती. नियम काय आहे?
– एक विद्यार्थिनी, पारोळा

उत्तर : तुझे दोन्ही प्रश्न नेहमीच्या वादाचे आहेत, म्हणून नीट वाच. सहा मीटरची अर्धवर्तुळाकार रेषा ही जमिनीसाठी आहे, हवेसाठी नाही. पाय रेषेबाहेर असताना उडी घेतलीस आणि जमिनीला पाय टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला, तर तू नंतर आत पडलीस तरी गोल वैध ठरतो. मात्र उडी घेताना पायाचा नुसता चवडा रेषेवर आला, तरी तो आत गेल्यासारखाच धरतात. मुरमाच्या मैदानावर चुन्याची रेषा दुसऱ्या सामन्यापर्यंत पुसट होते आणि मग पंचांचाही नाइलाज होतो. म्हणून प्रत्येक सामन्याआधी रेषा पुन्हा आखून घ्यावी, असा आग्रह तुमच्या कर्णधाराने धरावा.

पावलांचे असे आहे : चेंडू हातात असताना तीन पावले टाकता येतात, मग चेंडू आपटून पुन्हा पकडलास तर आणखी तीन. उभ्या जागी चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नाही. पण तू हवेत असताना चेंडू झेललास, तर खाली येताना टेकणारा पहिला पाय पावलांत मोजत नाहीत. बहुतेक वाद येथेच होतात, कारण बाहेरून पाहणाऱ्याला चार पावले दिसतात. चांगल्या खेळाडू मुद्दाम हवेत पास घेतात, त्यामागे हेच गणित असते. तुझ्या बाबतीत नेमके काय झाले हे आम्ही येथून सांगू शकत नाही. पंचांशी मात्र कर्णधारामार्फतच बोलावे, स्वतः हुज्जत घालू नये. दोन मिनिटांसाठी बाहेर बसविले तर त्या वेळात संघाला एका खेळाडूविना लढावे लागते.

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून हँडबॉलमध्ये तिची निवड झाली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना आखूड कपड्यांची अडचण वाटते. असे कपडे घालणे सक्तीचे असते का?
– एक आई, धुळे

उत्तर : नाही. बंदिस्त सभागृहातील किंवा साध्या मैदानावरील हँडबॉलमध्ये आखूड कपड्यांची सक्ती नाही. सगळ्या मुलींचा पोशाख एकसारखा असावा, गोलकीपरचा रंग निराळा असावा आणि कोणाला इजा होईल असे काही अंगावर नसावे, एवढेच पाहिले जाते. इराणच्या महिला डोके झाकून, पूर्ण बाह्या आणि पायघोळ लेगिंग्जसह खेळतात आणि त्याच पोशाखात त्यांनी २०२१ मध्ये स्पेनमधील जागतिक स्पर्धेत पदार्पण केले. तेथे नॉर्वेने त्यांना मोठ्या फरकाने हरविले, परंतु सामन्यातील उत्कृष्ट खेळाडू म्हणून इराणची गोलकीपर फातेमे खलीली हिला गौरविण्यात आले, तेव्हा तिला अश्रू आवरले नाहीत.

आपण कदाचित ज्या वादाबद्दल ऐकले असेल तो वाळूवरच्या हँडबॉलचा आहे. २०२१ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथील युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांच्या संघाला १५०० युरो दंड झाला होता. जगभर टीका झाल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२२ पासून तो नियमच बदलला. आपल्या मुलीला लेगिंग्ज घालून खुशाल खेळू द्यावे. उन्हाळ्यातील सरावासाठी मात्र कापड सुती किंवा घाम शोषणारे असावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे ऊन कोणाची गय करीत नाही.

प्रश्न : युरोपची स्पर्धा आणि आशियाची स्पर्धा यांत दर्जाचा फरक किती?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : फरक मोठा आहे. युरोपची महिला स्पर्धा १९९४ मध्ये जर्मनीत सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी होते. २०२४ पर्यंतच्या सोळा स्पर्धांपैकी दहा नॉर्वेने आणि तीन डेन्मार्कने जिंकल्या. हंगेरी, मॉन्टेनेग्रो आणि फ्रान्स यांच्या वाट्याला एकेक आली. दिल्लीत आठ संघ खेळत होते, त्याच आठवड्यात हंगेरी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये युरोपचे चोवीस संघ खेळत होते, आणि व्हिएन्ना येथील अंतिम सामन्यात नॉर्वेने डेन्मार्कला ३१–२३ असे हरविले. तेथे गटातील दुबळा मानला जाणारा संघही वर्षभर साखळी सामने खेळून आलेला असतो.

प्रश्न : भारत या पहिल्या चारांत कधी येईल? आणि खान्देशातील मुलीला त्या संघापर्यंत जाता येईल का?
– एक महाविद्यालयीन प्राध्यापिका, जळगाव

उत्तर : दिल्लीत घरच्या मैदानावर असूनही भारताला पहिल्या चारांत येता आले नाही. तथापि निराश व्हावे असे चित्र नाही. मार्च २०२२ मध्ये अल्माटी येथे भारताच्या ज्युनिअर मुलींनी आशियाई विजेतेपद पटकाविले आणि त्याच वर्षी स्लोव्हेनियातील ज्युनिअर जागतिक स्पर्धेत त्या खेळल्या. ज्युनिअर गटात चमकणारा संघ वरिष्ठ गटात मागे पडतो, याचे कारण आमच्या मते गुणवत्तेत नसून मधल्या पाच-सहा वर्षांत आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला वर्षातून आंतरविद्यापीठ, राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड चाचणी यांपलीकडे कसाचे सामने मिळत नाहीत. त्याच वयाची जपानी मुलगी आपल्या देशाच्या लीगमध्ये महिनोन्महिने खेळत असते. भारतात २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि ती महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली, परंतु ती पुरुषांची होती. महिलांसाठी तशी लीग नियमित होत नाही तोवर पहिल्या चारांची भाषा करणे घाईचे ठरेल.

खान्देशातील मुलीला पोहोचता येईल का, याचे उत्तर हिमाचल प्रदेशाकडे पाहून देता येते. बिलासपूर जिल्ह्यातील मोरसिंघी या डोंगराळ खेड्यात चालणाऱ्या हँडबॉल नर्सरीतून भारतीय संघात कितीतरी मुली गेल्या. तेथे महानगर नाही की मोठे स्टेडियम नाही. मुली एकाच जागी राहतात, एकाच प्रशिक्षिकेकडे वर्षानुवर्षे खेळतात आणि एकमेकींविरुद्ध रोज सामना खेळतात. आपल्याकडे शालेय स्पर्धेत हँडबॉल आहे, पण पुष्कळ शाळांचे संघ स्पर्धेच्या पंधरवड्यापूर्वी जमतात आणि जिल्हा फेरीनंतर विखुरतात. शिरपूर, शहादा, चोपडा, अमळनेर या गावांतील शाळा व महाविद्यालयांनी पावसाळ्यानंतर चार महिने आठवड्याला एक अशी साधी आपसांतील साखळी चालविली, तरी मुलींच्या वाट्याला वर्षाला पंधरा-सोळा जास्तीचे सामने येतील. त्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही. एसटीचे भाडे, दोन पंच आणि चुन्याची एक गोणी पुरे. आपण प्राध्यापिका आहात, तेव्हा महाविद्यालयाच्या जिमखान्यापुढे हा प्रस्ताव ठेवून पाहावा.

प्रश्न : मुलींसाठी कोणत्या मापाचा चेंडू घ्यावा? परदेशी खेळाडू चेंडूला काही चिकट लावतात, ते आपण लावावे का?
– एक पालक, चोपडा

उत्तर : चौदा वर्षांवरील मुली आणि महिलांसाठी २ नंबरचा चेंडू असतो, त्याचा घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम असते. आठ ते चौदा वयाच्या मुलींना १ नंबर द्यावा, त्याचा घेर ५० ते ५२ सेंटिमीटर असतो. चिकट राळ सभागृहातील लाकडी किंवा कृत्रिम फरशीवरच उपयोगी पडते. मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावर ती लावली तर दोन मिनिटांत चेंडूला खड्यांचे अस्तर चढते आणि मुलींचे तळवे सोलवटतात, म्हणून लावू नये. दुकानांत बहुधा ३ नंबरचा, म्हणजे पुरुषांचा, चेंडू आधी दाखवितात. तो मुलींच्या पंजात मावत नाही आणि खांद्यावर ताण येतो, तेव्हा चेंडूवरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.